शुगरची गोळी आणि धानाची बांधी

मधुमेहावरची औषधे शरीरात मोजक्याच ठिकाणी काम करतात. काही यकृताला आवर घालतात, काही स्वादुपिंडाकडून जास्त इन्सुलिन काढून घेतात, काही आतड्यात पिष्टाचे पचन लांबवतात, काही मूत्रपिंडातून साखर बाहेर टाकतात आणि इन्सुलिन तर थेट संप्रेरकच भरून काढते. वैद्यकाच्या पुस्तकांत ही औषधे रासायनिक कुळांनुसार मांडलेली असतात आणि डॉक्टरांच्या टेबलावर बहुधा किमतीनुसार. तिसरीही एक मांडणी शक्य आहे, आणि तालुक्याच्या गावी ती या दोन्हींपेक्षा उपयोगी पडते: कोणते औषध रोग्याचे जेवण गृहीत धरते, कोणते पाणी गृहीत धरते आणि कोणते गारवा. रामटेकसारख्या तालुक्यात या तिन्ही गोष्टी सर्वांना सारख्या मिळत नाहीत. गडमंदिराच्या पायथ्याशी दुकान असलेला माणूस, मौद्याच्या बाजूची धानाची बांधी कसणारा शेतकरी आणि देवलापारकडच्या गोंड वस्तीतली मजूर बाई या तिघांच्या चिठ्ठीवर मात्र अनेकदा एकच गोळी असते.

ती गोळी म्हणजे ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन यांची जोडगोळी. तिच्यातला मेटफॉर्मिन हा अर्धा भाग निर्विवाद आहे. युरोपात मधुमेहासाठी वापरल्या जाणाऱ्या गॅलेगा या झुडपातील द्रव्यांवरून या औषधाची वाट सापडली. १९५७ मध्ये पॅरिसच्या जाँ स्टेर्न यांनी मेटफॉर्मिनच्या वापराचे पहिले अनुभव प्रसिद्ध केले. अमेरिकेने त्याला परवानगी द्यायला १९९४ उजाडले, कारण त्याचे भावंड असलेल्या फेनफॉर्मिनमुळे रक्तात लॅक्टिक आम्ल साचून माणसे दगावली होती आणि तो डाग मेटफॉर्मिनलाही लागला होता. १९९८ मध्ये ब्रिटनच्या ‘यूकेपीडीएस’ अभ्यासाने तो पुसला. वजन जास्त असलेल्या रोग्यांमध्ये मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे मृत्यू, केवळ पथ्यावर ठेवलेल्यांच्या तुलनेत ३६ टक्क्यांनी कमी आढळले.

मेटफॉर्मिन यकृतातून रात्रंदिवस झिरपणारी साखर कमी करते. स्वादुपिंडाला ते डिवचत नाही. म्हणून एकट्या मेटफॉर्मिनने साखर धोक्याच्या पातळीखाली सहसा जात नाही. एखादे जेवण चुकले तरी निभावते. पोट बिघडणे ही त्याची नेहमीची तक्रार. जेवणासोबत घेतले, मात्रा हळूहळू वाढवली किंवा सावकाश विरघळणारी गोळी दिली तर ती बहुतेकांची थांबते. मूत्रपिंडाचे काम फारच मंदावले असेल तर हे औषध बंद करावे लागते. त्याची दुसरी बाजू मात्र दुर्लक्षित राहते: वर्षानुवर्षे घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. माळकरी घरात, जिथे मांस-मासळी-अंडे वर्ज्य आणि दूधही चहापुरतेच, तिथे ब-१२ आधीच तुटपुंजे असते. मग पायाला मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, ‘शुगर नसांत उतरली’ म्हणून आणखी एक गोळी वाढते. रक्तातले ब-१२ तपासायचे कोणाला सुचत नाही.

जोडगोळीचा दुसरा अर्धा भाग सल्फोनिलयुरिया कुळातला. या कुळाचा शोध अपघाताने लागला. १९४२ मध्ये फ्रान्सच्या माँपेलिए शहरात मार्सेल जांबों विषमज्वराच्या रोग्यांना एक नवे सल्फा औषध देत होते, तेव्हा त्यांतल्या काहींची साखर घसरून झटके आले. त्यांचे सहकारी ऑगस्त लुबातिएर यांनी या घसरणीचा माग काढला, आणि औषध स्वादुपिंडातून इन्सुलिन बाहेर काढते हे स्पष्ट झाले. पुढे टोल्बुटामाइड आले, मग ग्लिबेनक्लामाइड, ज्याचे ‘डाओनिल’ हे नाव जुन्या रोग्यांच्या तोंडी अजून आहे, आणि नव्वदच्या दशकात ग्लिमेपिराइड. ग्लिक्लाझाइड हेही याच कुळातले, तुलनेने सौम्य. एरवी रक्तातली साखर वाढली की स्वादुपिंडातल्या बीटा पेशीतले पोटॅशियमचे दार बंद होते आणि इन्सुलिन सुटते. सल्फोनिलयुरिया ते दार स्वतःच बंद करतात. साखर वाढलेली असो वा नसो, इन्सुलिन सुटतेच.

सगळी मेख याच ‘वा नसो’मध्ये आहे. जुलै-ऑगस्टात रोवणीचे दिवस असतात. बाई सकाळी घरातले आटोपते, उपाशीपोटी किंवा चहावर गोळी घेते आणि गटाबरोबर बांधीत उतरते. डब्यातला भात खायला दुपार होते, कारण गटाचे काम थांबत नाही. अकराच्या सुमारास तिची साखर घसरू लागते. घाम येतो, पण चिखलात वाकलेल्या सगळ्यांनाच घाम आलेला असतो. हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, बोलणे बरळल्यासारखे होते. आजूबाजूचे म्हणतात, चक्कर आली, ऊन लागले, नाहीतर अंगात वारे शिरले. पुरुष असेल तर मोहाच्या दारूचा संशय आधी, आणि दारू खरोखरच पोटात असेल तर घसरण आणखी खोल जाते, कारण यकृत दारू निपटण्यात गुंतल्यावर नवी साखर तयार करू शकत नाही. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर छातीतली धडधडही जाणवत नाही. उपाय सोपा आहे: शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्यायचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, मग जेवू घालायचे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचे नाही, दवाखाना गाठायचा. तिथेही एक गफलत होते. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर माणूस उठून बसतो, त्याला घरी धाडतात आणि संध्याकाळी तो पुन्हा आडवा होतो, कारण ग्लुकोज तासाभरात संपते, गोळीचा अंमल दिवसभर चालतो. मूत्रपिंड थकलेल्या म्हाताऱ्यात तो त्याहूनही लांबतो.

या गोळीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ती स्वस्त आहे, जोरकस आहे आणि तिचा गुण पंधरवड्यात दिसतो. तिने हृदयाला अपाय होतो ही जुनी शंकाही बऱ्याच अंशी फिटली आहे. ‘कॅरोलिना’ या अभ्यासात ६,०३३ रोग्यांत ग्लिमेपिराइड आणि लिनाग्लिप्टिन यांची सहा वर्षांहून अधिक काळ तुलना झाली. हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू दोन्हीकडे जवळपास सारखेच निघाले. पण त्याच अभ्यासात साखर घसरण्याचा अनुभव लिनाग्लिप्टिन घेणाऱ्यांपैकी १०.६ टक्क्यांना आला, तर ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांपैकी ३७.७ टक्क्यांना. हा फरक पाठपुरावा काटेकोर असलेल्या अभ्यासातला आहे. तिथल्या रोग्याला बांधीच्या वेळापत्रकाप्रमाणे जेवावे लागत नव्हते. ज्याच्या जेवणाची वेळ त्याच्या हातात नाही, त्याला जेवण गृहीत धरणारे औषध पहिल्या पसंतीने देणे हा स्वस्ताईचा खोटा हिशेब आहे. एका बेशुद्धीच्या प्रसंगात गाडीभाडे, बुडालेला रोज आणि सोबत आलेल्याचाही रोज असे जे जाते, त्यात महागड्या गोळीचे काही महिने निघाले असते.

जोडगोळीचा आणखी एक दोष रचनेतलाच आहे. मेटफॉर्मिन वाढवायचे तर ग्लिमेपिराइडही आपोआप वाढते, आणि ग्लिमेपिराइड थांबवायचे तर मेटफॉर्मिनही थांबते. उपासाच्या दिवशी हा पेच उघडा पडतो. नवरात्राचे नऊ दिवस, श्रावणातले सोमवार, एकादशी, रमजानचे रोजे, सगळ्यांत प्रश्न एकच: गोळी घ्यायची की सोडायची? मेटफॉर्मिन सहसा चालू ठेवता येते. सल्फोनिलयुरियाची मात्रा कमी करावी लागते किंवा वेळ बदलावी लागते. दोन्ही एकाच गोळीत घट्ट बसवलेली असतील तर रोगी सगळेच सोडतो आणि वर साबुदाण्याची खिचडी खातो. दिवसातून दोनदाच जेवण्याचा जो विचार नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार मांडत आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रभर नेला, त्याबाबतही हीच खबरदारी लागते. खाण्याच्या वेळा कमी करणाऱ्याने ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनची मात्रा डॉक्टरकडून आधी बदलून घ्यायला हवी, जेवण नंतर.

धानाच्या मुलखात आतड्यावर काम करणारी औषधे खरे तर शोभतात. अकार्बोज आणि व्होग्लिबोज ही पिष्टाचे तुकडे करणाऱ्या विकरांना अडवतात, त्यामुळे भाताची साखर एकदम न उसळता हळूहळू रक्तात येते. गोळी जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची. जेवण नाही तर गोळीही नाही. दोष म्हणजे पोटात वारा धरतो. शिवाय व्होग्लिबोज सल्फोनिलयुरियासोबत चालू असेल आणि साखर घसरली, तर घरातली साखर लवकर लागू पडत नाही, कारण ती फोडणारी विकरेच अडवलेली असतात. तिथे शुद्ध ग्लुकोजची पूड लागते. ही सूचना पाकिटावर ठळक असायला हवी, ती चिठ्ठीवरही क्वचितच असते.

पायोग्लिटाझोन स्नायू आणि चरबीची इन्सुलिनला दाद देण्याची ताकद वाढवते. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून भारताने जून २०१३ मध्ये त्याची विक्री थांबवली आणि जुलैतच इशाऱ्यासह पुन्हा सुरू केली. पायांवर सूज, वजनवाढ, हाडे ठिसूळ होणे ही त्याची किंमत. हृदय कमजोर असलेल्याला ते देऊ नये.

ग्लिप्टिन कुळामुळे तालुक्याच्या पातळीवर चित्र बदलू शकले असते, आणि अजून बदलू शकते. अन्न आतड्यात आले की जीएलपी-१ नावाचे संप्रेरक सुटते आणि साखर वाढलेली असेल तेव्हाच ते इन्सुलिनला चालना देते. काही मिनिटांत ते मोडून पडते. ग्लिप्टिन ही मोडतोड थांबवतात. जेवण नसेल तर त्यांना फारसे कामच उरत नाही, म्हणून एकटी किंवा मेटफॉर्मिनसोबत दिली असता ती साखर धोक्याच्या पातळीखाली सहसा ढकलत नाहीत. सिटाग्लिप्टिन २००६ मध्ये अमेरिकेत आले तेव्हा हे श्रीमंतांचे औषध होते. भारतात २०१५ मध्ये टेनेलिग्लिप्टिन सुरुवातीपासूनच स्वस्तात आले. २०१९ च्या अखेरीस व्हिल्डाग्लिप्टिनचे आणि २०२२ मध्ये सिटाग्लिप्टिनचे पेटंट संपले आणि किमती झपाट्याने उतरल्या. ग्लिप्टिनचा जोर सल्फोनिलयुरियापेक्षा काहीसा कमी पडतो हे खरे. पण रोवणीच्या बाईला ग्लिमेपिराइड देण्याचे किमतीचे कारण आता पूर्वीसारखे उरलेले नाही. उरली आहे ती सवय.

ग्लिफ्लोझिन कुळाचे मूळ १८३५ इतके जुने आहे, जेव्हा सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन वेगळे काढले गेले. निरोगी मूत्रपिंड दिवसाला सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळून जवळपास सगळे परत घेते. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन हे परत घेणे अडवतात आणि मधुमेह्याच्या लघवीतून रोज साठ-सत्तर ग्रॅम साखर बाहेर जाते. २०१५ मध्ये ‘एम्पा-रेग’ अभ्यासात, हृदयविकार असलेल्या मधुमेह्यांत हृदयाशी संबंधित मृत्यू ३८ टक्क्यांनी घटले. नंतर हृदय निकामी होणे आणि मूत्रपिंड झिजणे यांवरही या गोळ्यांचा उपयोग सिद्ध झाला, अगदी मधुमेह नसलेल्यांतही. भारतात डापाग्लिफ्लोझिनचे मूळ पेटंट २०२० मध्ये, तर एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये संपले. ज्याचे हृदय किंवा मूत्रपिंड बिघडलेले आहे त्याला हे औषध केवळ ‘नवे’ म्हणून न देणे आज समर्थनीय नाही.

मात्र हे औषध पाणी गृहीत धरते. साखरेबरोबर पाणीही बाहेर जाते. मे महिन्यात नागपूर जिल्ह्यात पारा ४५ अंशांवर चढतो. तेंदूपत्ता तोडायला पहाटे जंगलात गेलेल्या माणसाकडे पाण्याची एखादी बाटली असते. त्यात जुलाब-उलट्या झाल्या तर रक्तदाब कोसळू शकतो. अशा दिवसांत गोळी तात्पुरती थांबवायची असते, हे रोग्याला आधीच सांगितलेले असावे लागते. जननेंद्रियांच्या जागी बुरशीची खाज हा नित्याचा त्रास बायका लाजेपायी सांगत नाहीत, गोळी मात्र गुपचूप सोडतात. दुर्मीळ पण घातक धोका कीटोअॅसिडोसिसचा, म्हणजे रक्तात कीटोन आम्ले साचण्याचा, आणि त्यात साखरेचा आकडा फारसा चढलेला नसतो, त्यामुळे मीटरवर भरवसा ठेवणारा फसतो. हा धोका इन्सुलिन कमी असलेल्या कृश माणसाला जास्त.

कृश मधुमेही हा विदर्भात अपवाद नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तीन दशके हे दाखवून दिले आहे की भारतीय बाळ वजनाने लहान पण चरबीने तुलनेने भरलेले जन्मते, आणि पुढे बारीक दिसणाऱ्या देहातही मधुमेह शिरतो. याखेरीज लहानपणापासून पोषण न मिळालेल्यांत स्वादुपिंडच कमकुवत राहून होणारा मधुमेह असतो. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये त्याला ‘प्रकार ५’ म्हणून मान्यता दिली. वजन उतरवणारी औषधे आणि वजन उतरवण्याचे सल्ले अशांच्या कामाचे नाहीत. हेच जीएलपी-१ कुळातील इंजेक्शनांना लागू आहे. हिला मॉन्स्टर या अमेरिकी वाळवंटी सरड्याच्या लाळेतल्या द्रव्यावरून या कुळातले पहिले औषध, एक्झेनाटाइड, तयार झाले. सेमाग्लुटाइड आणि भारतात मार्च २०२५ मध्ये आलेले टिरझेपाटाइड हे त्याचे आजचे वारस. भूक मारणे, वजन घटवणे आणि साखर उतरवणे तिन्ही ते एकदम साधतात. नागपूरच्या स्थूल रोग्याला त्यांनी खरा लाभ होतो. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या मूळ पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच असल्याने स्वस्त आवृत्त्यांचा मार्गही मोकळा होतो. पण आधीच अर्धपोटी असलेल्याची भूक मारण्यात वैद्यक कसले?

इन्सुलिन गारवा गृहीत धरते. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचले गेले. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात त्याला आजही पर्याय नाही. महाराष्ट्राचा त्यात वाटा आहे: २००३ मध्ये वोखार्टने ‘वोसुलिन’ हे देशी बनावटीचे मानवी इन्सुलिन बाजारात आणले आणि पुढे त्याच्या उत्पादनाचा मोठा प्रकल्प औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उभा राहिला. जेवणाआधीचे जलद, दिवसभर पुरणारे संथ आणि दोहोंचे ३०:७० मिश्रण हे त्याचे मुख्य प्रकार. सरकारी दवाखान्यात मिश्रण जास्त चालते, आणि मिश्रणालाही ठरलेल्या वेळी जेवण लागतेच.

‘इन्सुलिन लागले म्हणजे संपले’ ही समजूत इतकी घट्ट आहे की रोगी ते वर्षानुवर्षे टाळतो आणि डॉक्टरही गोळीवर गोळी चढवत जातो. कृश, सतत वजन घटणाऱ्या माणसाला तर ते लवकर मिळायला हवे. त्यानंतरच्या अडचणी फार साध्या वस्तूंच्या असतात. भारतात कुपीतले इन्सुलिन बहुधा यू-४० असते, म्हणजे एका मिलिलीटरमध्ये ४० युनिट; पेनमधले यू-१००. यू-४० च्या सिरिंजचे टोपण लाल, यू-१०० चे नारिंगी. मेडिकलमध्ये लाल संपली म्हणून नारिंगी दिली तर २० युनिटच्या खुणेपर्यंत भरूनही शरीरात ८ युनिटच जातात. उलट पेनच्या काडतुसातले औषध लाल सिरिंजने काढले तर २० च्या जागी ५० जातात, आणि ते जिवावर बेतू शकते. साठवणीचेही तसेच. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत हवी, पण बर्फाच्या कप्प्याला लागून गोठली की ती फेकूनच द्यावी लागते. वापरातली कुपी साधारण चार आठवडे बाहेर चालते. मेच्या रामटेकात ‘बाहेर’ म्हणजे मात्र पत्र्याखालचे घर. फ्रिज नसेल तिथे ओल्या मातीच्या भांड्यात, कुपी पिशवीत घालून कोरडी राहील अशी ठेवणे हा तपासून पाहिलेला, चांगला उपाय आहे.

औषध कोणतेही असो, त्याची मात्रा ठरते तपासणीवरून, आणि पूर्व विदर्भात तपासणीच चकवा देऊ शकते. एचबीएवनसी ही चाचणी तांबड्या पेशींवर तीन महिन्यांत चढलेली साखर मोजते. सिकलसेलचा आजार असलेल्याच्या पेशी लवकर मोडतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. केवळ वाहक असलेल्यांतही काही यंत्रांवर तो खाली सरकतो. नागपूर विभागातल्या आदिवासी समाजांत आणि काही अनुसूचित जातींत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. अशा घरातल्या रोग्याचा आकडा ‘साडेसहा, छान’ दिसत असताना त्याची रोजची साखर अडीचशेवर असू शकते. तिथे उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर किंवा फ्रुक्टोसामीन हाच आधार.

रामटेकच्या आसपासच्या जंगलात बिजा, म्हणजे विजयसार, वाढतो आणि त्याच्या लाकडाचे पेले मधुमेहावर म्हणून विकले जातात. रात्रभर ठेवलेले पाणी तपकिरी होते. या झाडाची चेष्टा करण्याचे कारण नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्याच्या अर्काची नव्या रोग्यांवर चाचणी घेऊन १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि ते आशादायक होते. पण ती तुलनेचा गट नसलेली, गरजेनुसार मात्रा बदलत पण मोजून दिलेल्या अर्काची चाचणी होती. पेल्यात किती अर्क उतरतो हे कोणी मोजत नाही. लखनौच्या सीएसआयआर प्रयोगशाळांतून आलेल्या ‘बीजीआर-३४’ मध्येही विजयसार आणि गुडमार आहेत. डॉक्टरांना न सांगता ग्लिमेपिराइडवर गुडमारची भर घातली तर साखर घसरण्याची शक्यता वाढते. इन्सुलिन सोडून पेल्यावर विसंबणे हा तर थेट धोका.

सरकारी यंत्रणेत यातले किती मिळते हे अत्यावश्यक औषधांच्या याद्यांवर बरेच अवलंबून असते. केंद्राच्या २०२२ च्या यादीत मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि जुनी इन्सुलिने यांच्या जोडीला टेनेलिग्लिप्टिन आणि दीर्घकाळ चालणारे ग्लार्जिन इन्सुलिन आले. ग्लिफ्लोझिन त्यात नाही, जरी जागतिक आरोग्य संघटनेने एम्पाग्लिफ्लोझिनला आपल्या यादीत २०२१ मध्येच घेतले होते. टेनेलिग्लिप्टिनचा प्रवेश योग्यच. ते औषध प्राथमिक आरोग्य केंद्राच्या खिडकीपर्यंत पोचले, तर रोवणीच्या बाईची गोळी बदलायला नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाची वारी करावी लागणार नाही. सूज चढलेल्या पायांनी आलेल्या, थकल्या हृदयाच्या रोग्यासाठी ग्लिफ्लोझिनही त्याच खिडकीत हवे.